मावशीचं कपाळ

कानसदादाचा दिवस पावणेचारला सुरू व्हायचा. गजर लावावा लागत नसे. पहिली पाळी पाचची, कारखाना चालत पन्नास मिनिटांवर, आणि उशिरा येणाऱ्याला तो माणसात धरत नसे. अडतीस वर्षांत त्याला स्वतःला तीनदा उशीर झाला होता. तिन्ही तारखा पाठ होत्या.

निवृत्त झाला तरी डोळा पावणेचारलाच उघडायचा. उठून तो चहा करी, एक कप पिऊन दुसरा झाकून ठेवी, आणि खिडकीशी बसून राही. झाकलेला कप धाकट्या बहिणीचा. ती सहाला उठायची. तोवर चहा गार झालेला असे, आणि ती रोज म्हणायची, "दादा, पावणेचारचा चहा सहाला कोण पितं रे?" आणि प्यायची.

कारखाना ओतकामाचा होता. पंपांची घरं, नळांची तोंडं, यंत्रांचे पाय. साच्यातून निघालेला माल कानसदादाच्या बाकावर यायचा तेव्हा त्याच्या कडेला बर, म्हणजे धातूची खरबरीत कोर, असे, मधोमध साच्याची शिवण असे, जागोजागी पुटकुळ्या असत. त्या सगळ्या घासून माल पुढे पाठवणं हे त्याचं काम. डोळ्यांवर त्याचा भरवसा नव्हता. तो अंगठा फिरवायचा. अंगठा अडला की कानस. नव्या माणसाला पहिल्या दिवशी तो एकच वाक्य शिकवायचा: "अंगठ्याला लागतं ते मालाचं नव्हे." त्याच्या हाताखालून गेलेला माल कधी परत आला नाही. ही गोष्ट तो स्वतःहून कुणाला सांगत नसे, पण कुणी विचारावं अशी त्याची इच्छा असे.

बायको नऊ वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून घरात तो आणि धाकटी. धाकटी म्हणजे बावन्न वर्षांची, लग्न न केलेली, डाव्या गुडघ्यानं अधू. घरचं नाव चिमी. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दिवसभर लोकांचे दात, आणि संध्याकाळी सात ते साडेनऊ जपानच्या पैलवान बायका.

हे खूळ जुनं होतं. ती अठरा वर्षांची असताना कोपऱ्यावरच्या कॅसेटच्या दुकानात जपानी कुस्तीची एक कॅसेट चुकून आली होती. तिला कुणी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून दुकानदारानं ती चिमीला तशीच दिली. त्यात एक वीस वर्षांची पोरगी होती. आखूड केस, जाड मान. खुर्चीनं मार खाऊन, कपाळातून रक्त गळत असताना ती उठून उभी राहायची. चिमीनं ती कॅसेट झिजवली. पुढे इंटरनेट आलं, तशी ती त्या पैलवानबाईची एकेक कुस्ती बघत आली. त्या बाईचं नाव कानसदादाच्या जिभेला कधी वळलं नाही. घरात ती 'जपानची मावशी' झाली.

"अगं, हे सगळं आधी ठरवलेलं असतं," तो सुरुवातीला म्हणाला होता.

"पडायचं ठरवलेलं असतं," चिमी म्हणाली. "लागायचं कोण ठरवतं?"

त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही.

चिमी बाहुल्या करायची असं शेजारीपाजारी म्हणत. तिला तो शब्द आवडत नसे. बाजारात तयार मिळणारा पैलवानाचा सहा इंची पुतळा ती आणायची, तो खांद्यात कापायची, कमरेत कापायची, आत तार घालून नव्या पवित्र्यात बसवायची. मग दोन भाग कालवून लावायच्या पुट्टीनं अंग भरायचं. पोट, मांड्या, पाठीवरची वळी. डोकं मात्र तारेवर शून्यापासून. हत्यारं सगळी लॅबमधली, दात कोरायची. अशा तिनं चाळीसेक बायका केल्या होत्या. काचेच्या कपाटात त्या दात विचकून उभ्या असत. शेजारची नर्सबाई पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "अगं बाई, यांच्यासमोर जेवता तुम्ही?"

यंदाचं काम वेगळं होतं. मावशी निवृत्त होणार होती. छत्तीस वर्षं आखाड्यात. "तुझ्यापेक्षा दोन कमी," चिमी दादाला म्हणाली. शेवटच्या कुस्तीच्या दिवशी, सभागृहाच्या दाराशी एका लांब टेबलावर चाहत्यांनी हातानं केलेले मावशीचे पुतळे मांडायचे होते. मावशी स्वतः त्या टेबलावरून फिरणार होती. देशोदेशींच्या चौदा जणांना बोलावणं होतं. त्यात चिमी.

तिनं तरुण मावशी केली नाही. आजची केली. ओघळलेले खांदे, पट्टी बांधलेला गुडघा. आणि डोकं. मोठ्या द्राक्षाएवढं डोकं तिनं अकरा संध्याकाळी केलं. कानसदादा शेजारी बसून पेपर वाचायचा, पण तिच्या मानेकडे बघत असे. अडीच तास मान हलत नसे. असं काम त्याला कळायचं.

बाराव्या दिवशी लॅबला निघताना ती म्हणाली, "दादा, मोकळा आहेस ना? धडाच्या शिवणी घासून ठेव. बगलेतली आणि मांडीच्या आतली. मला तिथे धीर पुरत नाही."

"घासायचा पेपर कुठला?"

"सहाशेचा. हळू हं. लोखंड नाहीये ते."

"शिकव आता मला."

ती हसत गेली. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणीतरी त्याच्यापुढे काम ठेवलं होतं. त्यानं टेबलावर धुतलेलं फडकं अंथरलं, बारीक कानशींची पेटी उघडली आणि बसला. नऊ वाजता धड झालं. शिवण होती असं सांगून खरं वाटलं नसतं. अजून हात शिवशिवत होते. टेबलावर कवळी ठेवायची एक डबी होती, तिच्यात कापसावर डोकं होतं.

डोक्याचं कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानं ते उचललं. चष्मा कपाळावरच होता. कामाला त्याला चष्मा लागत नसे. अंगठा फिरवला. गाल स्वच्छ. हनुवटी स्वच्छ. कपाळावर अंगठा अडला. सगळं कपाळ बारीक उभ्या रेघांनी भरलेलं. थकली असेल पोरगी, त्याच्या मनात आलं. शेवटी शेवटी हात चुकला असेल. आपण करून ठेवू. संध्याकाळी बघेल तेव्हा कळेल तिला, घरात कोण आहे ते.

आठ मिनिटं लागली. आधी चपटी कानस, मग सहाशेचा पेपर, मग हजारचा. कपाळ काचेसारखं झालं.

मग कौतुकानं त्यानं चष्मा खाली ओढला आणि भिंतीवर टाचलेल्या मावशीच्या फोटोशेजारी डोकं धरलं.

फोटोतलं कपाळ नांगरलेल्या शेतासारखं होतं. केसांपासून भुवयांपर्यंत उभ्या वळ्याच वळ्या. छत्तीस वर्षं त्याच जागी फुटलेलं आणि त्याच जागी शिवलेलं कपाळ. शेजारी चिमीच्या अक्षरात कागद होता. एक ते एकतीस आकडे, प्रत्येकापुढे एक तारीख. कुठला व्रण कुठल्या कुस्तीतला, ते तिनं शोधून काढलं होतं.

तो खाली बसला.

काम बिघडलं तर बिघडवणाऱ्यानंच ते पुढे आणून ठेवायचं, हा कारखान्यातला नियम. त्यानं तो स्वतः कितीकांना लावला होता. पण त्या दिवशी त्याला वाटलं, आधी दुरुस्त तर करून बघू. तिकोनी कानशीनं त्यानं कपाळावर एक रेघ ओढली. मग दुसरी. मग तिसरी. व्रण उठून यायला हवे होते, रेघा आत गेल्या. माशाच्या कल्ल्यांसारख्या दिसू लागल्या. काढणं त्याला येत होतं. आणणं त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी जिन्यावर चिमीचं पाऊल वाजलं. एक पाय जड, एक हलका. कानसदादानं डोकं फडक्यात गुंडाळलं आणि कानशींच्या पेटीच्या तळाशी सरकवलं. त्याचं त्यालाच कळलं नाही, हात इतका चपळ कधी झाला.

"अरे वा!" तिनं धड उजेडात फिरवून पाहिलं. "दादा, ही बगल मला जन्मात जमली नसती."

"हं."

"डोकं कुठंय?"

"डबीत असेल."

"डबी रिकामी आहे."

"मग... तूच कुठे ठेवलंस का?"

हे वाक्य तोंडातून गेलं आणि गेलं. परत घेता आलं असतं. पुढची दहा मिनिटं तरी घेता आलं असतं.

चिमी विचारात पडली. "सकाळी भट्टीत कडक करायला लॅबमध्ये नेलं का मी? एप्रनच्या खिशात? नेणार होते, पण नेलं का?" तिनं लॅबमध्ये फोन लावला. तिथल्या मुलीनं प्लास्टरचा कचरा उपसला. तीन दात सापडले, डोकं नाही.

मग चिमी गुडघ्यांवर बसली. त्या गुडघ्यावर बसायला डॉक्टरांनी बंदी केली होती. टेबलाखाली, कपाटाखाली, गालिच्याच्या कडेनं ती तळहात फिरवत सरकत होती.

"दादा, उजेड दे जरा."

कानसदादानं टॉर्च धरली. जिथे डोकं नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तिथे तिथे त्यानं उजेड पाडला. नीट पाडला. हात हलू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं केराची पिशवी वर्तमानपत्रावर ओतली आणि चहाच्या गाळण्यानं धूळ चाळली. पावणेचारला उठून तो चहा करी आणि पेटीकडे पाठ करून बसे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, त्याच्या मनात तर भर दुपारचं ऊन पडलं होतं. चिमी "दादा" म्हणाली की दचके.

तिसऱ्या दिवशी रात्रपाळी करून नर्सबाई आली. चहा पिता पिता तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "काय दादा, नाडी बघू का? चेहरा असा केलाय, जसं काही पेशंट तुमच्या हातून गेला."

"झोप नाही."

"तुम्हाला झोप कधी होती? पावणेचारला भांडी वाजवता, मला भिंतीतून ऐकू येतं." मग चिमीकडे वळून, "सापडलं का गं डोकं?"

"नाही सापडायचं," चिमी म्हणाली. ती शांत होती. हातात खोका होता. पुट्टीच्या नळ्या, कोरायची हत्यारं, ब्रश, सगळं ती त्यात भरत होती. "डोळे गेले माझे. डोकंही. मागच्या महिन्यात लॅबमध्ये एका आजीच्या दातांचा साचा मी दुसऱ्याच्याच ट्रेमध्ये ठेवला. तेव्हाच ओळखायला हवं होतं. उद्या कळवून टाकते जपानला, माझं येणार नाही म्हणून."

"अगं, आणखी एक कर की."

"नाही. ज्या बाईला स्वतःनं ठेवलेली वस्तू आठवत नाही, तिनं असली कामं करू नयेत. ही हत्यारं तुमच्या दवाखान्यातल्या दंतवाल्यांना द्या."

कानसदादा उठून मोरीत गेला. नळ सोडून उभा राहिला. घासलेलं कपाळ एक वेळ पचलं असतं. पण ती आता स्वतःवरचा भरवसा खोक्यात भरत होती, आणि खोका बांधायला सुतळी त्यानंच आणून दिली होती.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला त्यानं चहा केला नाही. पेटी उघडली, फडकं सोडलं, डोकं टेबलावर ठेवलं आणि समोर बसून राहिला. सव्वादोन तास. सहाला चिमी आली.

तिनं डोकं पाहिलं. आधी चेहरा उजळला. मग तिनं ते उचललं, आणि तिचा अंगठा कपाळावर गेला.

"हे काय?"

"मी घासलं. मला वाटलं, बर आहे."

"बर."

"चष्मा नव्हता. अंगठ्याला लागलं, म्हणून घासलं. मग फोटो पाहिला. मग त्या तीन रेघा ओढल्या. त्याही माझ्याच."

तिनं त्या तीन रेघांवरून नख फिरवलं. "कधी?"

"त्याच दिवशी. सकाळी नऊ वाजता."

"म्हणजे मी शोधत होते तेव्हा..."

"पेटीत होतं."

"आणि तू टॉर्च धरलीस."

त्यानं फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"दादा, माझं काम तू घासलंस ना, ते मी तासाभरात विसरले असते. शिव्या देऊन विसरले असते. मी गुडघ्यावर रांगत होते. आणि तू मला उजेड दाखवत होतास." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "तीन दिवस मी समजत होते, मला वेड लागतंय."

"चिमे..."

"चहा कुठंय माझा?"

"केला नाही."

"कर मग."

त्यानं केला. ती प्यायली, आणि खोक्याची सुतळी सोडून कामावर गेली.

पुढचे नऊ दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. दूध आण. दार लाव. संध्याकाळी सातला ती नव्या तारेवर नवं डोकं करायला बसे. तो पेपर घेऊन शेजारी बसे, पण पान उलटत नसे. पहिलं डोकं अकरा संध्याकाळींचं होतं. हे जास्त वेळ घेणार हे त्याला दिसत होतं. एकदा केलेलं काम दुसऱ्यांदा करताना हाताला राग असतो, आणि राग आवरायला वेळ लागतो. पंधरा संध्याकाळी डोक्याच्या. आठ वाळणं आणि घासणं. दहा रंगाच्या. त्यानं बोटांवर मोजलं, तेहतीस; शेवटच्या कुस्तीला उरले होते चाळीस दिवस. पोस्टातल्या बाईला जाऊन विचारलं. पार्सलला तीन आठवडे, त्यातही खात्री नाही. पुन्हा मोजलं. पुतळा वेळेत पोचायचा तर एकच वाट होती.

निवृत्तीचे पैसे त्यानं हातही न लावता ठेवले होते. ते कशासाठी, हे चिमीला माहीत होतं. गच्चीवर एक खोली. तिच्यात त्याच्या स्वतःच्या उंचीचा बाक. कारखान्यातला बाक चार बोटं बुटका होता. अडतीस वर्षं तो त्यावर वाकून उभा राहिला, आणि अडतीस वर्षं मनातल्या मनात आपला बाक बांधत आला. लाकूड कुठलं, खिळे किती, उजेड कुठल्या बाजूनं, सगळं ठरलेलं होतं. गवंडी येऊन माप घेऊन गेला होता.

तो गवंड्याकडे गेला. "खोली नको," म्हणाला.

"का हो? कुणी दुसरा गाठलात?"

"नाही. नकोच."

मग तो तिकिटांच्या दुकानात गेला. चिमीचा पासपोर्ट चार वर्षांपूर्वी काढलेला होता. उगाच, असावा म्हणून. त्याची पानं कोरी होती.

विमानाचं तिकीट आणि व्हिसाचा अर्ज त्यानं टेबलावर ठेवला तेव्हा तिचे हात पुट्टीनं भरलेले होते. तिनं नुसतं वाकून वाचलं.

"हे भरपाई म्हणून असेल तर उचल."

"भरपाई नाही. भरपाई होत नाही, ते कळतं मला. पोस्ट वेळेत पोचत नाही, म्हणून."

"आणि तुझा बाक?"

"वाकायची सवय आहे."

त्या संध्याकाळी साडेनऊला उठताना तिनं पुतळ्याचं धड त्याच्यासमोर ठेवलं. "उभी राहत नाहीये. तळपाय घास."

"किती?"

"उभी राहील इतकेच."

त्यानं चष्मा लावला. चार हात मारले, उभी करून पाहिली. आणखी दोन. मावशी उभी राहिली. सातवा हात मारायचा मोह झाला, तेव्हा त्यानं कानस खाली ठेवली. घामानं त्याची पाठ भिजली होती. लोखंडानं त्याला इतकं कधी दमवलं नव्हतं.

चिमी गेली त्या दिवशी नर्सबाई निरोपाला खाली आली. "सामान एवढंच? आणि मावशी कुठंय?"

"धड कपड्यांत गुंडाळलंय. डोकं इथे," म्हणत चिमीनं पर्स उघडून कवळीची डबी दाखवली.

"विमानतळावर विचारलं तर सांगशील काय?"

"माझे दात."

कानसदादा हसला नाही. त्याला हसायचा अधिकार परत मिळाला होता की नाही, हे त्याला कळत नव्हतं. तिनं जाताना त्याच्या पायांना हात लावला, नेहमीसारखा, पण नेहमीसारखी पाठीवर थाप मारली नाही.

पाचव्या दिवशी पावणेचारला तो उठलेलाच होता. फोन वाजला. तिकडे केव्हाच उजाडलं होतं.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं काल. दमले. गुडघा सुजलाय."

"बघितली तिनं?"

"बघितली. चौदा होत्या. बाकीच्या तेरांत मावशी पंचविशीतली होती. सुंदर केल्या होत्या रे सगळ्यांनी, कपाळं कशी गुळगुळीत." त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "माझ्यापाशी आली आणि हातात घेतली. कपाळावरून अंगठा फिरवला. बराच वेळ."

"काय म्हणाली?"

"मला कुठलं जपानी कळायला."

"हसली का?"

"नाही. मोजत होती बहुतेक."

"किती भरले?"

"एकतीस. पहिल्या डोक्यालाही एकतीसच होते, दादा."

"हो."

"चहा केलास?"

"केलाय. दोन कप."

"दुसरा कोण पिणार?"

त्यानं झाकलेल्या कपाकडे पाहिलं. हात सवयीनं चालले होते. "मीच पितो," तो म्हणाला. "सहाला."

फोन ठेवून तो खिडकीशी बसला. मागे पेटीच्या तळाशी तीन रेघांचं ते डोकं अजून होतं. त्यानं ते टाकलं नव्हतं, टाकणारही नव्हता. अडतीस वर्षं पावणेचारला उठून, चार बोटं बुटक्या बाकावर वाकून त्यानं जे साठवलं, त्यात शेवटी विमानातली खिडकीजवळची एक जागा आली. जायची आणि यायची.